पाट्यावरचं दूध

माझी थोरली मुलगी चालायला लागली आणि त्याच सुमारास वाळायलाही लागली. भिंतीला धरून थोडं चालायची आणि मटकन खाली बसायची. हातातल्या मनगट्या ओघळून पडायच्या म्हणून मी त्या दोरा गुंडाळून घट्ट केल्या होत्या, तर थोड्याच दिवसांत पुन्हा दोरा गुंडाळायची वेळ आली. अंगावरचं सुटून तिला वरचं दूध सुरू केलं होतं. आणि दूध तरी कसलं, राजाच्या लेकीला मिळणार नाही असं. एकाच गाईचं, डोळ्यांसमोर काढलेलं, पाण्याचा थेंब नसलेलं. त्या दुधावर बाळसं धरायचं सोडून पोर सुकत का चालली आहे, हे घरात कोणालाच कळत नव्हतं.

आम्ही तेव्हा पिंपरीत राहत होतो. सत्तरचं दशक अर्ध्याहून जास्त सरलं होतं. आमच्या वस्तीत घड्याळं कमी आणि कंपन्यांचे भोंगे जास्त. भोंगा ऐकून बायका तवा चढवायच्या. माझा नवरा एका कंपनीत टर्नर होता. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, आणि ओव्हरटाइम मिळाला की घरी यायचा तो फक्त झोपायला. घरात तो, मी, मुलगी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. शिरूरकडच्या गावातून त्या माझ्या बाळंतपणासाठी म्हणून आल्या आणि नातीच्या पायात पाय अडकून राहिल्या. मी मॅट्रिक झालेली, बोलायला फटकळ, राग नाकाच्या शेंड्यावर. त्यांना अक्षर येत नव्हतं, त्या कमी बोलायच्या, पण एकदा मनात धरलं की जागच्या हलायच्या नाहीत. आमची भांडणं व्हायची ती अशी की मी बोलत राहायचे आणि त्या भांडी घासत राहायच्या. जिंकायच्या बहुतेक त्याच.

दुधाची सोय नवऱ्याच्या कंपनीतल्या एका सोबत्यानं लावली होती. तो नदीपलीकडच्या पिंपळे सौदागरचा. तेव्हा तिथं शेतं होती, गोठे होते, आणि घरटी एखादा मुलगा कंपनीत लागलेला होता. सोबती म्हणाला, “राव, लेकराला डब्यातली पावडर कशाला पाजतोस? आमच्या आईकडनं ने की दूध.” पहिल्या दिवशी आत्याबाई लोटा घेऊन निघाल्या आणि मुलीला कडेवर घेऊन मीही बरोबर गेले.

त्या घराच्या अंगणात शिरताना आत्याबाईंची चाल बदलली. रस्त्यानं माझ्यापुढे झपाझप चालणारी बाई एकदम अंग चोरून चालायला लागली. त्यांनी राखेनं लखलखीत घासून आणलेला पितळी लोटा अंगणाच्या कडेला जमिनीवर ठेवला, मागं सरल्या आणि पदर सावरून उभ्या राहिल्या. हे त्यांनी इतक्या सहज केलं की मला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा माझी कानशिलं तापली. मी खडकीत वाढले, वडील कारखान्यात होते. असलं काही मी ऐकलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. गावाकडे आत्याबाई आयुष्यभर अशाच उभ्या राहिल्या होत्या. भांडं खाली ठेवायचं, मागं सरायचं, आणि देणाऱ्यानं वरून ओतायचं. ताक असो, कालवण असो. आम्ही बौद्ध होऊन वर्षं लोटली होती, गाव सुटलं होतं, तरी लोटा कुठं ठेवायचा ते त्यांच्या हाताला पाठ होतं.

सोबत्याची आई गोठ्यातून बाहेर आली. मोठं कुंकू, खोचून बसवलेलं नऊवारी लुगडं, आणि आवाज थेट नदीपर्यंत जाणारा. आम्ही कोण हे तिला ठाऊक होतं. तिचा मुलगा आणि माझा नवरा दुपारी एका डब्यात जेवायचे. तिनं जमिनीवरचा लोटा उचलला, आत डोकावून पाहिलं, विसळला आणि आत्याबाईंना म्हणाली, “मावशी, तितं काय उभ्या ऱ्हायलाय? हिकडं या. कंच्या गाईचं ते नजरंनं बघून घ्या.”

मग ती एका तांबूस गाईखाली बसली, आमचा लोटा गुडघ्यांत धरला आणि आमच्या लोट्यातच धार काढायला लागली.

पहिल्या धारा पितळेवर टणटण वाजल्या. लोटा भरत गेला तसा आवाज जाड होत गेला आणि वर फेस आला. आत्याबाई गोठ्याच्या दाराशी तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. मला गप्प बसायची सवय नाही, म्हणून मी विचारलं, “तुमच्या चरवीत काढून मग आम्हाला ओतून दिलं असतं तरी चाललं असतं.”

“ल्हान लेकराचं दूध तसं न्हाई काढत,” ती म्हणाली. “ह्या भांड्यातनं त्या भांड्यात वतलं की दिष्ट लागती. ज्यात तापवायचं त्यातच धार पडाय पायजे. आन् गाय बी एकच पायजे, मिसळ न्हाई चालत. आजपासनं ही तुमच्या लेकराची गाय. हिची पयली धार तुमची, मग आमची.”

आपण काही मोठं केलं असं तिच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हतं. आम्हाला जवळ करावं, जुनं मोडावं, असलंही काही तिच्या मनात नसावं. लेकराच्या दुधाची तिच्या घरची एक रीत होती, ती तिनं पाळली. दुसरी एक रीत, तितकीच जुनी, आड येत होती. ती तिला त्या वेळी आठवलीसुद्धा नाही. मी थक्क होऊन बघत राहिले. किती सभा, किती भाषणं मी ऐकली होती, आणि इथं एका गुडघ्यांत धरलेल्या लोट्यात सगळं मोडून पडलं होतं, आणि ते मोडणारीला पत्ताही नव्हता. तिनं एरंडाचं पान झाकून भरलेला लोटा आत्याबाईंच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली. ती दुसऱ्या गाईकडे वळली.

वाटेत आत्याबाई लोटा दोन्ही हातांनी धरून चालल्या. नदी ओलांडल्यावर म्हणाल्या, “लोट्यातच काढलं गं.” त्या दिवशी वस्तीत ज्या बाईला त्या भेटल्या तिला त्यांनी हेच सांगितलं. कमी बोलणाऱ्या बाईला बोलायला विषय मिळाला होता. पुढं रोज सकाळी त्याच जायच्या. पावसापाण्याचं मी जाते म्हटलं तर लोटा आधीच पदराखाली घेऊन उभ्या.

आणि हेच दूध मुलीला सोसत नव्हतं.

प्यायली की तिचं पोट नगाऱ्यासारखं व्हायचं, मग जुलाब. तोंडाभोवती लाल पुरळ उठायची. दात येत असतील म्हणून झालं, पाणी बाधलं म्हणून झालं. शेजारणीनं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या, मी जायफळ उगाळून चाटवलं. एक दिवस तिनं भिंत धरायचं सोडून दिलं आणि दिवसभर माझ्या मांडीवर पडून राहिली, तेव्हा मी घाबरले. बाजाराजवळ एक डॉक्टरीणबाई बसायच्या, त्यांच्याकडे तिला घेऊन गेले.

त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, काय खाते, काय पिते ते खोदून खोदून विचारलं. मग म्हणाल्या, “हिला दूध सोसत नाही. गाईचं, म्हशीचं, शेळीचं, कुठलंच नाही. दही, ताक, तेही बंद करा.”

“मग ही जगणार कशावर?” मी विचारलं.

“वरण, नाचणी, अंडं, केळं द्या. आणि सोयाबीनचं दूध.”

सोयाबीन हे नाव मी कुठंतरी वाचलं होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. भिजत घालायचं, सालं काढायची, वाटायचं, पाणी घालून गाळायचं, आणि जे निघेल ते भरपूर वेळ उकळायचं. कच्चं राहिलं तर तेही बाधेल. निघताना त्यांनी मला थांबवलं. “हिच्या अंगात आता काही शिल्लक नाही. पुन्हा जुलाब सुरू झाले तर मी काही सांगू शकत नाही. दुधाचं नाव काढायचं नाही.”

घरी येऊन मी हे सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, “डाक्टरीण खुळी हाय.” मी म्हटलं, खुळी असली तरी ती सांगेल तसंच होणार. त्या म्हणाल्या, गाईच्या दुधानं कुणाचं वाईट झाल्याचं त्यांनी ऐकलं नाही. मी माझा आवाज चढवला, त्यांनी भांडी काढली. नवऱ्यानं दोघींचं शांतपणे ऐकून घेतलं आणि पाळीला उशीर होतोय म्हणून तो निघाला. पाळीला अजून बराच अवकाश होता, हे मला आणि त्याला दोघांनाही माहीत होतं.

सोयाबीन शोधायला मी पिंपरी कॅम्पात गेले. ज्या सिंधी दुकानदाराकडून आम्ही किराणा भरायचो, तो हसला. “सोयाबीन? भाभी, वो यहाँ कौन खाता है?” मी कडेवरच्या मुलीकडे बोट दाखवलं. तो हसायचा थांबला आणि त्यानं पुण्याच्या बाजारातून मागवून दिलं. पिवळे, गोल, वाटाण्यासारखे दाणे. मी मुठीत घेऊन वास घेतला, दातांत एक फोडून पाहिला. यात दूध कुठं असणार, काही कळेना.

पण होतं. रात्रभर भिजून दाणे दुप्पट झाले, चोळल्यावर सालं तरंगून वर आली. पाट्यावर वरवंटा फिरला तसा पिवळेपणा जाऊन लगदा पांढरा पडत गेला. पाणी घालून पंच्यात बांधला आणि पिळला, तर पातेल्यात पांढरीशुभ्र धार पडली. मी एकटीच होते, तरी मी मोठ्यानं म्हटलं, “अगं बाई, हे तर दूध!” गाय नाही, वासरू नाही, दगडावर दगड फिरवून दूध. मी कितीतरी दिवस रोज ते पिळताना पहिल्या दिवसासारखीच बघत राहायचे. शाळेत मला असलं कोणी दाखवलं असतं तर मी मॅट्रिकला थांबले नसते, असं मी नवऱ्याला म्हणायचे. तो म्हणायचा, मग पाटा कोणी घासला असता?

मुलीला मात्र ते मुळीच आवडलं नाही. त्याला एक हिरवट वास होता, कच्च्या शेंगेसारखा. पहिला घोट तिनं माझ्या साडीवर परत केला. मी वेलची घातली, साखर घातली, वाटी बदलली, गाणी म्हटली. हळूहळू प्यायला लागली. आत्याबाई लांबून बघायच्या. “ह्याला दूध म्हनायचं तर मग पिठल्याला खीर म्हना,” एवढंच म्हणाल्या. मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. मी पंचा पिळायला बसले की त्या उठून बाहेर जायच्या. मला वाटलं, राग.

गाईच्या दुधाचा रतीब त्यांनी बंद केला नाही. “त्या बाईला काय सांगू? तुमचं दूध बाधलं म्हनू?” लोटा रोज येत राहिला, दूध नवऱ्याच्या नि माझ्या चहात आणि शेजारच्या पोरांच्या पोटात जात राहिलं.

मुलगी मात्र सुधारेना. जुलाब कमी झाले, थांबले नाहीत. पुरळ तशीच. मी दूध आणखी वेळ उकळायला लागले, पंचा रोज उकळून घ्यायला लागले. मग आत्याबाई पुतण्याच्या लग्नाला गावी गेल्या, आणि त्याच दिवसांत पोर फुलली. पुरळ वाळली, पोट मऊ पडलं. एका सकाळी मी पाणी भरून आले तर ती भिंतीला धरून उभी होती आणि माझ्याकडे बघून हसत होती. मला रडू फुटलं. आत्याबाई परत आल्या, नातीला पाहून त्यांनी तिच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. त्यानंतर पुन्हा सगळं तसंच सुरू झालं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “घरात कोणी दूध देतं का हिला?” मी म्हटलं, “शपथेवर सांगते, थेंब नाही.” त्यांनी मान हलवली. त्या मानेचा अर्थ मला कळला आणि मी मुलीला छातीशी घट्ट धरून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गर्दी नव्हती, म्हणून मी घागर भरून लवकर परतले. स्टोव्हवरून उतरवलेलं सोयाबीनचं दूध पातेल्यात होतं. आत्याबाई त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या होत्या. डाव्या हातात तापवलेल्या गाईच्या दुधाची वाटी, उजव्या हातात चमचा. चमचा पातेल्यावर होता.

“काय घालताय?”

त्या दचकल्या नाहीत. “दूध,” म्हणाल्या. “चमचाभर. रोजच घालती.”

मी घागर दाणकन खाली ठेवली, निम्मं पाणी जमिनीवर गेलं. मग मी जे बोलले ते बोलले. वस्तीत चार दारं उघडली, एवढं सांगते. पोर मारायची आहे का तुम्हाला, असंही मी म्हटलं. या वेळी त्यांनी भांडी हातात घेतली नाहीत. माझा आवाज बसला तेव्हा त्या म्हणाल्या, “इरजान लावल्याबिगर दही व्हतंय का? चमचाभरच लागतं, पर लागतं. तसा ह्यात दुधाचा थेंब नगं? न्हाईतर ते नुसतं वाटल्यालं पानी. त्याला दूध कसं म्हनायचं?”

“नका म्हणू दूध. पाणी म्हणा. पण त्यात काही घालू नका.”

“पानीच पाजायचं व्हय तिला?” त्या म्हणाल्या. मग पातेल्याकडे बघत बोलायला लागल्या. “म्या पाजलंय आसलं पानी. तुझ्या नवऱ्याच्या आदी मला एक पोरगी व्हती. अंगावरचं आटलं. गावात गाई लई व्हत्या, पर आमाला दूध कोन देतं? जोंधळ्याचं पीठ पान्यात कालवायची, फडक्यातनं गाळायची. पांढरं फटक दिसायचं. दूध घे, दूध घे, आसं म्हनून पाजायची. ती बी दूध म्हनूनच प्यायची. हिच्याएवढीच व्हती.” त्यांनी चमचा वाटीत ठेवला. “ऱ्हायली न्हाई ती. तू फडकं पिळतीस ना, मला बघवत न्हाई.”

इतकी वर्षं मी या घरात होते. नवऱ्याच्या आधी कोणी होतं, हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. त्यांच्या जवळ जाऊन बसावंसं वाटलं, आणि तेव्हाच हेही कळत होतं की तो चमचा आज थांबला नाही तर माझीही मुलगी राहणार नाही. त्यांच्या दुःखापुढे मला हरून चालणार नव्हतं. मी जेवढं खरं होतं तेवढंच बोलले.

“आत्याबाई, तुम्ही लग्नाला गेला होतात तेव्हा चमचा कोणी घातला नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. ती कोपऱ्यात सतरंजीवर पडून छताकडे बघत होती. आत्याबाईंचे ओठ हलायला लागले. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. “मी गेली तवा अशी. आली तवा तशी. मग पुन्हा अशी.” हा हिशेब मी मांडून दाखवला असता तर त्यांनी मानला नसता, आणि डॉक्टरीणबाईंनी मांडला असता तर त्यांना खुळं ठरवलं असतं. त्यांनी तो स्वतः मांडला, पुन्हा मांडला, आणि त्यांचा अंगठा थांबला. एखादा माणूस आपल्या आयुष्यातली सगळ्यात पक्की समजूत, कोणी न ढकलता, हातानं उचलून बाजूला ठेवतो, हे मी तेव्हा समोर बसून पाहिलं. त्याआधी नाही पाहिलं, त्यानंतरही फारसं नाही.

त्या उठल्या. पातेलं उचलून बाहेर नेलं आणि मोरीत ओतलं. पातेलं घासलं, पाटा धुतला, वरवंटा धुतला. मग विचारलं, “भिजवल्यालं हाय का अजून?”

उद्यासाठी घातलेलं होतं. त्यांनी ते पाट्यावर घेतलं. मी पुढं झाले तर हातानंच मला मागं सारलं. मी वाटायचे त्याच्या निम्म्या वेळात त्यांनी लोण्यासारखं वाटलं. पंचा मात्र त्यांनी थोडा वेळ तसाच हातात धरला. मग लगदा बांधला, पीळ भरला, आणि पांढरी धार पातेल्यात पडायला लागली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात चालू होते. त्या हातांना ते काम ठाऊक होतं. मी स्टोव्ह पेटवला.

त्या दिवसापासून दूध त्याच करायला लागल्या. मला पाट्याजवळ फिरकू देईनात. मुलगी सावरली. आधी पुरळ गेली, मग जुलाब थांबले, मग ती भिंतीला धरून उभी राहिली आणि पाहता पाहता भिंत सोडून चालायला लागली. मनगट्यांवरचा दोरा मी सोडून टाकला. एक चमचा! एवढ्याशा पोराचं एवढंसं पोट, पण पातेलंभर दुधात कोणी एक चमचा काय घातलं ते त्याला कळत होतं आणि ते रोज आम्हाला ओरडून सांगत होतं. आम्ही दोघी शहाण्या बायका एकमेकींशी भांडत बसलो होतो. त्या शरीराची मला भीतीही वाटली आणि त्याला हात जोडावेसेही वाटले.

मुलगी अंगणात पळायला लागली तेव्हा आत्याबाई एका सकाळी म्हणाल्या, “आज त्या बाईला सांगून येती. गाय आडकून ठेवनं बरं न्हवं.” रिकामा लोटा घेऊन गेल्या. मला वाटलं, सुटलो. आता घरात ते दूधच नको.

त्या परत आल्या तर लोटा भरलेला, वर एरंडाचं पान. माझ्या कपाळावरची शीर उडाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या खाली बसल्या आणि पायांवरची धूळ झटकत सांगायला लागल्या.

“म्या सांगितलं सगळं. लेकराला सोसंना, बियांचं दूध वाटून पाजतो म्हनलं. तर हसाय लागली. म्हनली, गाय तरी काय येगळं करती, मावशी? पेंड खाती आन् दूध देती. तुमी पाट्यावर केलं.” आत्याबाईंनाही हसू येत होतं. “मग म्हनलं, गाय मोकळी करा. तर न्हाई म्हनली. एकदा लेकराच्या नावानं गाय लावली की ती आटंस्तवर त्या घरचीच. दुसऱ्याला देत न्हाई आमी. लेकराला सोसत नसंल तर तुमी प्या, म्हनली.”

“मग?”

“मग काय. तापव.”

“कोणाला?”

“मला.”

मी दूध तापवलं, निवू दिलं आणि पेल्यात ओतून त्यांच्या हातात दिलं. आत्याबाई चहासुद्धा कोराच घ्यायच्या. दुधानं पोट जड होतं म्हणायच्या, आणि मी ते खरं धरून चालले होते. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला. शेजारी मुलगी आपल्या वाटीतलं पाट्यावरचं दूध पीत बसली होती, ओठांवर पांढरी मिशी घेऊन. आत्याबाईंनी एक घोट घेतला. थांबल्या. पेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे.

“साखर घातलीस व्हय गं?”

“नाही, आत्याबाई. नुसतं तापवलं.”

“मग ग्वाड कसं लागतंय?”

दूध नुसतंच गोड असतं, ही कोणी कोणाला सांगायची गोष्ट असेल, असं मला तोवर कधी वाटलंच नव्हतं.

“असतं ते गोड,” मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि पेला रिकामा करूनच खाली ठेवला.